रात्री डोक्यावरून गेलेली ‘सीप’ कुणाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात रात्री स्थलांतर करणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की हे पक्षी अंधारात उडता उडता बारीक आवाज देतात आणि त्यावरून जात ओळखता येते, तर त्यावर एवढी पत्रं आलीत की हा सगळा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, रात्री उशिरा बाहेर उभा होतो, डोक्यावरून एकदाच ‘सीप’ असं आलं, थोड्या वेळाने पुन्हा, पण आभाळाच्या दुसऱ्या टोकाला. हा पक्षीच का? आणि दिवसा झाडांवर दिसणारे हे छोटे पक्षी रात्री कशाला उडतात?

बहुतेक पक्षीच, आणि आवाजाची जागा बदलली हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे, कारण किडा किंवा बेडूक एकाच जागेवरून तालात ओरडत बसतो, उडणारा पक्षी एकदा दोनदा बोलतो आणि पुढे निघून जातो. मोसमही बघा, वसंत आणि शरद हे स्थलांतराचे दिवस.

रात्री उडण्याची कारणं बरीच आहेत. हवा गार असते म्हणजे पंख मारून मारून शरीर तापत नाही, दिवसा जमीन तापल्यावर हवेत जे हेलकावे येतात ते रात्री नसतात, ससाणे झोपलेले असतात, आणि दिवस रिकामा मिळतो खायला. शिवाय ताऱ्यांचा उपयोग दिशेसाठी होतो, स्टीफन एम्लेननी १९६० च्या दशकात इंडिगो बंटिंग नावाच्या पक्ष्यांना तारांगणात ठेवून, खोटं आभाळ फिरवून हे दाखवलं होतं. सूर्य मावळल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात उड्डाण सुरू होतं.

आणि हो, हे गाणं नव्हे. गाणं जोडीसाठी आणि हद्दीसाठी असतं, ते लांब असतं. हा उडतानाचा आवाज, फ्लाइट कॉल म्हणतात त्याला, बऱ्याच जातींमध्ये सेकंदाचा दहावा भागसुद्धा भरत नाही.

प्रश्न: पक्षी दिसतच नाही, मग हा आवाज अमुक पक्ष्याचा हे पहिल्यांदा ठरवलं कुणी? अंदाजच ना शेवटी?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण पुस्तकात किंवा ऍपमध्ये नाव लिहिलेलं असतं म्हणून आपण ते घेतो, ते नाव तिथे पोचलं कसं हे कोणी विचारत नाही.

सुरुवातीला नावं नव्हतीच. ऑरिन लिबी नावाचे गृहस्थ १८९६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला रात्रभर कानाने आवाज मोजत बसले, हजारोंनी मोजले, १८९९ मध्ये ते छापून आलं, पण त्यातले बहुतेक आवाज कुणाचे हे सांगायला काही साधनच नव्हतं. मग १९५० च्या दशकाच्या शेवटी इलिनॉयमध्ये रिचर्ड ग्रेबर आणि विल्यम कॉक्रन यांनी टेप रेकॉर्डर आणि आभाळाकडे तोंड केलेला माइक वापरून रात्रभराचं रेकॉर्डिंग सुरू केलं, म्हणजे आवाज परत ऐकायची सोय झाली. तरी नावांचा घोळ होताच. १९८५ मध्ये बिल इव्हान्स यांनी मिनेसोटात एका रात्री कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्यांचे आवाज लागोपाठ डोक्यावरून जाताना ऐकले आणि तिथून पुढे त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य या एका कामात घातलं, मायकल ओब्रायन यांच्याबरोबर २००२ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या २०० हून जास्त जातींचे फ्लाइट कॉल गोळा करून लोकांपुढे ठेवले. आज अमेरिकेत हे शिकणारे बहुतेक जण कुठे ना कुठे त्या संग्रहावरच शिकतात.

आता ठरवलं कसं. एक रस्ता म्हणजे पहाट. रात्रभर उडालेले पक्षी सूर्य उगवल्यावरही थोडा वेळ उडत राहतात आणि तोच आवाज देत राहतात, न्यू जर्सीतलं केप मे त्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे पक्षी दिसतोही आणि ऐकूही येतो, त्यामुळे नाव पक्कं होतं. दुसरा रस्ता पकडलेल्या पक्ष्याचा, म्हणजे पायात ओळखीचं वळं घालण्यासाठी जाळ्यात धरलेला पक्षी थोडा वेळ कापडी शंकूसारख्या बंदिस्त जागेत ठेवायचा, आवाज टिपायचा आणि सोडून द्यायचा, मायकल लँझोन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००९ मध्ये ही पद्धत छापली आणि वार्बलर या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातल्या ज्या जातींचे कॉल कुणाकडे धड नव्हते ते हाती आले. तिसरा रस्ता हिशोबाचा, अमुक आवाज अमुक प्रदेशातच येतो, अमुक आठवड्यातच येतो, आणि त्या प्रदेशातून त्या आठवड्यात जाणारी जात एकच उरते. तर अंदाज नाही, बऱ्याच जणांनी बरीच वर्षं वेगवेगळ्या बाजूंनी तपासलेली गोष्ट आहे, पण काही जोड्या अजून सुटलेल्या नाहीत हेही खरं, त्याबद्दल पुढे लिहितेय.

प्रश्न: मला तर सगळे आवाज सारखेच वाटतात. सुरुवात कुठून करू?

थ्रशपासून करा, म्हणजे कस्तूरच्या कुळातल्या पक्ष्यांपासून. त्यांचा आवाज खालच्या पट्टीत असतो, साधारण २ ते ५ किलोहर्ट्झ (हा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक), जरा लांब असतो आणि खणखणीत असतो, सरावाशिवायही कानाला लागतो. वार्बलर आणि चिमण्यांसारखे स्पॅरो यांचे कॉल बहुतेक ६ ते ९ किलोहर्ट्झमध्ये, आणि इतके छोटे की ऐकू आलं म्हणेपर्यंत संपलेले, त्यांच्यापासून सुरुवात केली की माणूस कंटाळून सोडून देतो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय.

उत्तर अमेरिकेतले थ्रश घ्या. स्वेनसन्स थ्रशचा कॉल स्वच्छ शिट्टीसारखा, वर चढणारा, ‘हीप’ असा, त्यात खरखर अजिबात नाही. व्हीरीचा त्याहून खाली, घोगरा, शेवटी उतरणारा, ‘व्हीऽर’. ग्रे-चीक्ड थ्रशचा चढ्या पट्टीतून सुरू होऊन घसरत येतो आणि कानाला थोडा टोचतो, ‘क्वीर’ म्हणतात लोक. वूड थ्रश जोर देऊन बोलतो, त्यात कंप असतो. आता हे वाचून पाठ होणार नाही, व्हायलाही नको, एका मोसमात फक्त स्वेनसन्स आणि व्हीरी हे दोनच पक्के करा, रोज थोडं ऐकून, दिवसा रेकॉर्डिंगवर आणि रात्री बाहेर, म्हणजे तिसरा आला की कान आपणच सांगतो की हा त्या दोघांतला नाही. एक सावधगिरी मात्र, स्प्रिंग पीपर नावाचा एक छोटा बेडूक आहे त्याचा आवाज स्वेनसन्स थ्रशशी इतका जुळतो की वसंतात तळ्याजवळ माइक ठेवला तर आकडे भलतेच फुगतात.

थ्रशनंतर वेगळे उठून दिसणारे काही आवाज घ्या. बॉबोलिंकचा सुरेल ‘पिंक’. रोझ-ब्रेस्टेड ग्रोसबीकचा, बुटाचा रबरी तळ फरशीवर घासला की येतो तसा, ‘ईक’. डिकसिसलचा खालच्या पट्टीतला खरखरीत ‘बझ्झ्ट’, एकदा ऐकला की विसरत नाही. सव्हाना स्पॅरोचा बारीक, लांबट आणि उतरता.

आणि मग वार्बलर. इथे आपल्याला थांबायला शिकलं पाहिजे. ब्लॅकपोल, यलो, मॅग्नोलिया, बे-ब्रेस्टेड, ब्लॅकबर्नियन आणि अजून काही यांचे कॉल इतके मिळतेजुळते असतात, कंप पावणारा ‘झीप’, की जाणकार लोक त्या सगळ्यांना मिळून एकच ‘झीप गट’ म्हणतात आणि तसंच नोंदवतात. टेनेसी, नॅशव्हिल, ब्लॅक-थ्रोटेड ग्रीन यांचाही एक गट आहे, त्यांचा आवाज स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, एकावर एक दोन पट्ट्या वर चढल्यासारखा दिसतो. अमेरिकन रेडस्टार्ट, ओव्हनबर्ड हे चढते कॉल सरावाने सुटतात. पण गटात अडकलेल्या आवाजाला जातीचं नाव चिकटवायची घाई नको, गटाचं नाव लिहिणं हे अर्धवट काम नाही, तेवढंच आवाजातून कळतं म्हणून तेवढंच लिहायचं.

प्रश्न: स्पेक्ट्रोग्राम म्हणतात तो उघडला तर मला फक्त धुरकट ठिपके दिसतात. इतरांच्या चित्रात सुंदर रेषा असतात. माझा माइक खराब आहे का?

माइकला लगेच दोष देऊ नका, नव्वद टक्के वेळा सेटिंगची गडबड असते. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र, आडवा वेळ, उभी पट्टी, जितका जोर तितका गडद रंग. आता सॉफ्टवेअर हे चित्र काढताना आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकाचं गणित करतं, त्या तुकड्याच्या लांबीला विंडो साइज म्हणतात. तुमचं रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारं असेल आणि विंडो २०४८ नमुन्यांवर असेल तर एक तुकडा साधारण ४६ मिलिसेकंदांचा होतो, आणि तुमच्या वार्बलरचा पूर्ण कॉलच ५०-६० मिलिसेकंदांचा, म्हणजे सगळा कॉल एका तुकड्यात फासला जातो आणि ठिपका दिसतो. तीच विंडो ५१२ वर आणा, तुकडा १२ मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि त्याच ठिपक्यातून चढण, उतार, मधला कंप सगळं बाहेर येतं. तुकडे एकमेकांवर चढवायचं सेटिंगही असतं, ओव्हरलॅप, ते ७५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. आणि आडवं एवढं झूम करा की स्क्रीनवर एक दोन सेकंदच राहतील, पूर्ण मिनिट एका स्क्रीनवर ठेवून कोणालाच काही दिसत नाही.

मग बघायचं काय, तर आधी लांबी, मग पट्टी कुठून कुठे गेली, मग आकार, म्हणजे सरळ, चढता, उतरता का मधे वाकलेला, आणि शेवटी रेषा स्वच्छ आहे का करवतीच्या दात्यांसारखी आहे. झीप गटात ते दाते स्पष्ट दिसतात, स्वेनसन्स थ्रशमध्ये गुळगुळीत रेषा वर जाते. दूरच्या पक्ष्याच्या रेषेचे वरचे बारकावे हवेत विरून जातात, त्यामुळे फिकट कॉलवर नाव ठेवूच नका, जवळून गेलेल्या चांगल्या कॉलची वाट बघा. सॉफ्टवेअर म्हणाल तर ऑडॅसिटी फुकट आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं रेव्हन लाइटही फुकट आहे, दोन्हीपैकी कुठलंही चालेल, पण एकच धरा आणि सेटिंग बदलत बसू नका, कारण डोळ्याला ठरावीक सेटिंगमधल्याच आकारांची सवय लागते.

प्रश्न: फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल का? का महागडं सामान लागतंच?

फोन चालतो पण मन भरत नाही, कारण फोन स्वतःच्या डोक्याने गोंगाट कमी करतो, आवाज दाबून फाइल छोटी करतो, आणि त्यात पहिला बळी बारीक उंच आवाजांचा जातो. महाग सामान मात्र लागत नाही. बिल इव्हान्स यांनी जो माइक लोकांना बनवायला शिकवला तो प्लास्टिकच्या कुंडीतच बसवलेला असतो, माइक तळाशी, तोंड आभाळाकडे, वर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून बांधलेला, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि कुंडीच्या भिंतींमुळे जमिनीवरचा, रस्त्यावरचा आवाज बराच अडतो. ऑडिओमॉथ नावाचं तळहातात मावणारं रेकॉर्डर आहे तेही बरेच जण वापरतात, वेळ लावून ठेवली की आपोआप सुरू आणि बंद होतं.

फाइल डब्ल्यूएव्हीच ठेवा, त्यात आवाज दाबला जात नाही, एमपी३ नको. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे नमुने किती घ्यायचे, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय, नियम सोपा आहे, जेवढा रेट त्याच्या निम्म्यापर्यंतची पट्टी टिपता येते, म्हणजे २२ किलोहर्ट्झवर ११ पर्यंतचे आवाज मिळतात आणि फ्लाइट कॉलना तेवढं पुरतं, ४४.१ ठेवलं तर जागा जास्त जाते, मोनो १६ बिटला तासाला साधारण ३१८ एमबी, दहा तासांची रात्र तीन जीबीच्या वर. जागा निवडताना उघडं आभाळ हवं, पानांची सळसळ आणि पंख्यांची, एसीची घरघर लांब हवी. रातकिडे हा मोठा त्रास आहे, ते नेमके वार्बलरच्या पट्टीत ओरडतात, म्हणून झुडपांपासून दूर आणि शक्य तेवढं उंच, छप्पर सगळ्यात चांगलं.

प्रश्न: माझं वय ६८. बारीक आवाज ऐकू येत नाहीत, नात म्हणते आता गेला आणि मला काहीच कळत नाही. माझ्यासारख्याने हा नाद करावा का?

करावा, अगदी जरूर करावा. वयाबरोबर आधी वरच्या पट्ट्या जातात, हे सगळ्यांचंच होतं, आणि वार्बलर, स्पॅरो नेमके तिथेच बोलतात. पण थ्रशचे कॉल तुमच्या कानाच्या टप्प्यात असण्याची शक्यता चांगली आहे, त्यावर उभ्या उभ्या ऐकून हात बसवा. वरच्या पट्टीतलं काम रेकॉर्डिंगवर करा, क्लिपचा वेग निम्मा केला की पट्टीही निम्मी होते, ८ किलोहर्ट्झचा आवाज ४ वर येतो आणि लांबीही दुप्पट होते, तरुण कानांनाही याचा फायदा होतो. आणि स्पेक्ट्रोग्रामला तर कान लागतच नाहीत. या कामात चिकाटी, डोळा आणि जुन्या नोंदी सांभाळायची सवय जास्त लागते, आणि या गोष्टी तुमच्या वयाच्या लोकांकडे भरपूर असतात. नातीला बाहेर उभं करा, वेळ लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी दोघं मिळून त्या वेळेची क्लिप उघडा.

प्रश्न: आता एआय आहे, ऍप सांगेल ना नाव. एवढं शिकायचं कशाला?

ऍप कुठलं यावर आहे. दिवसाची गाणी आणि झाडावरचे आवाज ऐकवून तयार केलेली जी ऍप लोक फोनवर वापरतात ती या छोट्या कॉलवर बऱ्याचदा गडबडतात. खास रात्रीच्या कॉलसाठी तयार केलेलं नाइटहॉक नावाचं मॉडेल आहे, बेंजामिन व्हॅन डोरेन आणि सहकाऱ्यांचं, ते अमेरिकेतल्या पक्ष्यांवर खरोखर चांगलं चालतं, आणि महत्त्वाचं म्हणजे जिथे जात सांगता येत नाही तिथे ते कुळापाशी किंवा गटापाशी थांबतं, हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

मी स्वतः मशीनला शोधायचं काम देते आणि ठरवायचं काम माझ्याकडे ठेवते. दहा तासांतून दोनशे तुकडे वेगळे काढून दिले तर रात्रभराचं ऐकणं वाचतं, पण ते तुकडे एकेक उघडून बघायचेच, कारण पावसाचा थेंब, किड्याची चिरचिर, लांबच्या गाडीचा ब्रेक हे सगळं मशीन पक्षी म्हणून काढतं. विशेषतः जी जात तुमच्याकडे त्या महिन्यात यायलाच नको ती दिसली तर आधी संशय घ्या. आणि तपासायला बसलात की तपासण्याएवढं तरी शिकावं लागतंच, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आलं.

प्रश्न: एका रात्री शेकडो आवाज, दुसऱ्या रात्री दोन. आणि शेकडो आवाज म्हणजे शेकडो पक्षी धरायचे का?

दुसरं आधी सांगते, नाही धरायचे. एक पक्षी माइकवरून जाताना तीनदा बोलू शकतो, दहा पक्षी गप्प जाऊ शकतात. काही कुळं तर रात्री जवळजवळ बोलतच नाहीत, अमेरिकेतले व्हिरिओ आणि बरेचसे फ्लायकॅचर, तिकडे युरोपात पानांमध्ये फिरणारे वटवटे, लाखोंनी जातात आणि माइकवर काही नाही. म्हणून नोंद करताना ‘एवढे कॉल’ असं लिहायचं, ‘एवढे पक्षी’ असं नाही.

आवाज कमीजास्त होण्यात हवामानाचा हात मोठा. शरदात थंड हवेची लाट येऊन गेली आणि पाठीमागून उत्तरेचा वारा लागला की पक्षी मोठ्या संख्येने निघतात, समोरून वारा किंवा पाऊस असला की बसून राहतात. ढग खाली आले की उडणारेही खाली येतात आणि बोलतातही जास्त, त्यामुळे ढगाळ रात्र माइकसाठी चांगली आणि निरभ्र रात्री पक्षी भरपूर असूनही आवाज कमी, असं होतं. माइकची पोच काहीशे मीटर, त्याच्यावरून गेले ते गेले. वेळेचंही आहे, संध्याकाळनंतरच्या काही तासांत आभाळात गर्दी जास्त पण पहाटेआधी पक्षी उतरायला लागले की कॉल वाढतात, थ्रशचे तर फारच. घाईने मध्यरात्रीच रेकॉर्डिंग बंद करणारे नेमका हा भाग घालवतात.

किती पक्षी गेले हे हवामानाच्या रडारवर कळतं, कुठले गेले हे रडारला कळत नाही, ते फक्त आवाजातून कळतं. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा.

प्रश्न: आमच्या जवळच्या उंच इमारतीवर रात्रभर झगझगीत लाइट असतो, तिथे खूप जास्त आवाज येतात. रेकॉर्डिंगसाठी ती जागा चांगली ना?

नाही, कृपा करून तिथे आवाज जास्त म्हणून खूश होऊ नका. ते पक्षी तिथे जमलेत कारण ते प्रकाशात अडकलेत, आणि अडकलेला पक्षी जास्त ओरडतो. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ दरवर्षी आभाळात दोन प्रकाशझोत सोडतात, तिथे रडार आणि माइक दोन्ही लावून केलेला अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, सात रात्रींमध्ये मिळून सुमारे ११ लाख पक्ष्यांवर त्या प्रकाशाचा परिणाम झाला, झोत चालू असताना पक्षी गोल गोल फिरत आणि कॉलची संख्या चढलेली, झोत बंद केला की थोड्याच मिनिटांत पांगले. म्हणून तिथे आता झोतात हजारहून जास्त पक्षी दिसले की वीसेक मिनिटं लाइट बंद करतात.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. शिकागोत डेव्हिड विलर्ड यांनी १९७८ पासून एका मोठ्या इमारतीच्या पायथ्याशी काचेला आपटून मेलेले पक्षी गोळा करायला सुरुवात केली, त्या आणि क्लीव्हलंड शहरातल्या मिळून जवळपास ७० हजार पक्ष्यांच्या नोंदींवर २०१९ मध्ये अभ्यास आला, त्यात दिसलं की ज्या जाती रात्री उडताना कॉल देतात त्या जास्त संख्येने आपटून मरतात, गप्प उडणाऱ्या कमी. अभ्यासकांचा अंदाज असा की प्रकाशाने गोंधळलेला पक्षी ओरडतो आणि त्याच्या आवाजावर बाकीचे तिकडे वळतात. त्याच शिकागोत ५ ऑक्टोबर २०२३ ला एका इमारतीपाशी हजाराच्या आसपास पक्षी मेलेले सापडले, नंतर तिथल्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू खूपच घटले, म्हणजे उपाय आहेत आणि ते चालतात.

तुम्ही तिथे रेकॉर्डिंग करायचंच तर या कामासाठी करा, लाइट चालू आणि लाइट बंद अशा रात्रींचे कॉल मोजा, सकाळी इमारतीभोवती फेरी मारून मेलेले पक्षी मोजा, आणि तो कागद घेऊन इमारतीच्या व्यवस्थापनाला भेटा, स्थलांतराच्या आठवड्यांत मध्यरात्रीनंतर लाइट बंद ठेवायला सांगा.

प्रश्न: मी सातवीत आहे. पक्षी वर एकमेकांना काय सांगतात?

शाब्बास, हे मोठ्यांनाही अजून पूर्ण कळलेलं नाही. एकमेकांच्या जवळ राहायला, दिशा जुळवायला ते बोलत असावेत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. २०२५ च्या सुरुवातीला एक छान अभ्यास आला, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात २६ ठिकाणी केलेलं १८ हजारांहून जास्त तासांचं रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा दिसलं की काही वेगवेगळ्या जातींचे आवाज पुन्हा पुन्हा एकमेकांच्या आसपास येतात, आणि ज्यांचे पंख सारख्या लांबीचे, म्हणजे ज्यांचा वेग सारखा असणार, आणि ज्यांचे कॉल मिळतेजुळते, त्यांचं असं जास्त होतं. तर वर कदाचित वेगवेगळ्या जातींची सोबत चालू असते. तू एक कर, एका रात्रीचे दहा मिनिटांचे कॉल घे आणि एका कॉलनंतर पुढचा कॉल कुणाचा आला एवढंच कागदावर लिहीत जा.

प्रश्न: तुम्ही सगळं अमेरिकेचंच सांगता. मुलगा इंग्लंडला असतो, तिथे काय ऐकायला मिळेल?

ऑक्टोबरच्या रात्री रेडविंगचा लांब, पातळ, किंचित उतरता ‘सीऽऽ’, तिथे तो नुसत्या कानाने कुणालाही ऐकू येतो. साँग थ्रशचा त्याहून छोटा ‘त्सिप’, ब्लॅकबर्डचा थरथरता. वसंतात कॉमन स्कोटर नावाची समुद्री बदकं रात्री जमिनीवरून ओलांडून जातात, २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनच्या शांततेत तिथल्या कितीतरी लोकांनी ती घरात बसून ऐकली. पद्धत सगळी तीच, फक्त आवाजांचा संग्रह तिकडचा घ्यायचा.

प्रश्न: खात्री नसेल तर नोंद करायची की सोडून द्यायची?

करायचीच. ‘थ्रश, जात माहीत नाही’, ‘झीप गट’, ‘स्पॅरो कुळ’ या सगळ्या खऱ्या नोंदी आहेत. चुकीचं नाव एकदा यादीत गेलं की दहा वर्षांनी ते कोणालाच वेगळं काढता येत नाही, पण गटाची नोंद आणि तिच्याबरोबर क्लिप असेल तर पुढे जास्त कळणारा कोणीतरी तीच क्लिप उघडून जात सांगू शकतो. म्हणून मूळ फाइल कापू नका, गोंगाट काढायचे फिल्टर मारून त्यावरच सेव्ह करू नका, कॉलच्या आधीचा आणि नंतरचा एकेक सेकंद ठेवून वेगळी क्लिप करा. फाइलच्या नावातच तारीख, सुरुवातीची वेळ आणि ठिकाण टाका, रात्री बारानंतर तारीख बदलते तिथे सगळ्यांचा घोळ होतो, तेव्हा ज्या संध्याकाळी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ज्या सकाळी संपलं अशा दोन्ही तारखा लिहा. रेकॉर्डरचं घड्याळ महिन्यातून एकदा तपासा. ढग, वारा कुठल्या दिशेचा, किडे होते का एवढी एक ओळ. आणि ज्या रात्री एकही कॉल आला नाही त्या रात्रीचीसुद्धा नोंद ठेवा, शून्य लिहून.